मनाच्या दुखण्याची पैसेवारी

पैसेवारी हा शब्द वैजापूर तालुक्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही. गावच्या पिकाच्या उताऱ्याचा हा सरकारी अंदाज; आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती जाहीर होते. गाव ५० पैशांच्या आत आले की टंचाईच्या सवलतींचा दरवाजा किलकिला होतो, वर गेले की तो बंद राहतो. आणि ५१ पैशांच्या गावातील कणग्या ४९ पैशांच्या गावातील कणग्यांहून खरोखरच भरलेल्या असतात, असे छातीठोकपणे सांगणारा तलाठी मला अद्याप भेटावयाचा आहे. गेल्या काही वर्षांत माणसाच्या मनाचीही अशीच पैसेवारी काढली जाऊ लागली आहे. नऊ प्रश्न विचारावयाचे, प्रत्येकास शून्य ते ३ गुण द्यावयाचे, २७ पैकी बेरीज मांडावयाची आणि ती १० वा अधिक आली की माणसाच्या नावापुढे ‘नैराश्याची शक्यता’ असा शेरा मारावयाचा. क्रोएंके, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली अशी सुटसुटीत आहे, म्हणूनच ती जगभर चालली, आणि म्हणूनच ती हाताळताना जपावे लागते.

हा लेख मी लिहीत आहे तो अशा वाचकांसाठी, ज्यांच्या टेबलावर आज ना उद्या भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा येऊन पडणार आहे: समाजकार्याचे वा मानसशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, तालुक्यातील आरोग्य अधिकारी, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील माणसांसाठी ‘सीबॅक’ नावाचा जो तक्ता घरोघरी भरते, त्याच्या सुधारित नमुन्यातही याच प्रश्नावलीतील पहिले दोन प्रश्न आलेले आहेत. तेव्हा ही बाब विद्यापीठाच्या भिंतींआड राहिलेली नाही. शिवाय बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत जी बारा राज्ये निवडली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडचे आकडे पुष्कळदा अशा लहान स्थानिक पाहण्यांतूनच उभे राहतात, आणि ते उभे करणाऱ्यावरची जबाबदारी तितकीच वाढते.

पहिली तपासणी भाषेची. ‘उदास’ हा शब्द पुस्तकात शोभतो. कापूस वेचून आलेली बाई तो आपल्याविषयी क्वचितच वापरील. तिला करमत नाही, तिचे मन लागत नाही, जिवाला घोर लागलेला असतो, डोके धरते, अंगात त्राण राहत नाही, आणि अलीकडे सर्रास ‘टेन्शन’ येते. भाषांतर करताना एकाने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावे आणि दोन्हींतील तफावत पाहावी, हा रिवाज चांगलाच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. आठ-दहा माणसांसमोर प्रश्न वाचून ‘यात काय विचारले असे तुम्हांस वाटले?’ एवढेच विचारावे, म्हणजे कागदावरची पुष्कळशी विद्वत्ता गळून पडते. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचे उदाहरण येते; ज्या आजीने आयुष्यात वर्तमानपत्र हाती धरले नाही ती ‘नाही बाई, तसलं काही नाही’ म्हणते आणि गणक तिच्या नावे शून्य मांडतो. झोप कमी की जास्त, हालचाल मंदावली की तळमळ वाढली, हे जोडप्रश्न तर एकाच खुंटीला दोन बैल बांधल्यासारखे आहेत. ‘होय’ आले तरी कोणता बैल हलला हे कळत नाही. मूळ प्रश्नावली बदलू नये, हे खरे. पण शेऱ्याचा एक रकाना आपल्या पदरचा जोडावा आणि त्यात ‘झोप कमी’ किंवा ‘झोप जास्त’ एवढे दोन शब्द टिपावेत.

कालमर्यादेचेही असेच आहे. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असे म्हटल्याने खेड्यातल्या माणसापुढे काही उभे राहत नाही. ‘मागच्या एकादशीपासून’ किंवा ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून’ असे म्हटले की तो दिवस मोजू लागतो. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हा पर्याय तर जवळजवळ सगळ्यांनाच अडखळवितो, आणि त्याचा पुरावा पुढे गठ्ठ्यातच सापडतो: ‘काही दिवस’ आणि ‘जवळजवळ रोज’ या दोन रकान्यांत गर्दी, आणि मधला रकाना ओस.

दुसरी तपासणी विचारणाऱ्याची. एका संस्थेच्या पाहणीचे कागद काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. गावे सारखी, हंगाम सारखा, तरीही एका गणकाच्या चाळीस कागदांपैकी छत्तिसांवर सगळीकडे शून्य होते, तर दुसरीच्या कागदांत एकही माणूस सुखी नव्हता. चौकशीअंती कळले की पहिला गृहस्थ ओसरीवर, सासऱ्याच्या देखत, सुनेस प्रश्न विचारीत असे. दुसरी बाई मात्र चुलीपाशी बसून, आधी स्वतःची कर्मकथा सांगून मग विचारी. दोघेही प्रामाणिक होते. अशा फरकाचा छडा लावण्याची युक्ती आपल्याच देशातील थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पिकांच्या पाहण्यांत रूढ केली: एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र उपनमुने काढावयाचे, ते दोन वेगळ्या गणकांकडे सोपवावयाचे आणि उत्तरे जुळतात का ते पाहावयाचे. आपल्या पाहणीत दोन गणकांना प्रत्येक गावातील घरे चिठ्ठ्या टाकून वाटून द्यावीत. ‘हे गाव तुझे, ते गाव माझे’ अशी वाटणी केली की गावाचा फरक आणि गणकाचा फरक एकमेकांत असे मिसळतात की पुढे कोणत्याही गणिताने ते वेगळे करता येत नाहीत. गणकाचा क्रमांक प्रत्येक कागदावर हवाच, हे सांगावयास नको. तरी सांगतो, कारण तो पुष्कळदा नसतो.

आता गठ्ठा संगणकात गेला असे समजू. येथे बहुतेकांचा हात सर्वप्रथम बेरजेकडे जातो, आणि माझा सर्वांत मोठा आग्रह असा की तो तेथे जाऊ नये. आधी प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र गोशवारा काढावा: किती शून्ये, किती १, किती २, किती ३, किती कोरे. कोरे उत्तर म्हणजे शून्य नव्हे. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरणाचे वा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का या प्रश्नावर, कोरे कागद अधिक असतील तर ते मौनही एक उत्तरच आहे, आणि ते शून्यात बुडविणे ही हिशेबातील अफरातफर होय.

बेरीज काय झाकते ते दोन कागद शेजारी ठेवून पाहावे. हे दोन कागद मी समजण्यासाठी रचलेले आहेत. पहिल्यावर झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांपुढे प्रत्येकी ३, आणि बाकी सहांपुढे शून्य, बेरीज ९. दुसऱ्यावर नऊही प्रश्नांपुढे १, बेरीज ९. दोघेही ‘सौम्य’ या ५ ते ९ च्या गटात पडतात, दोघेही १० च्या उंबरठ्याबाहेर राहतात, संगणकाच्या लेखी दोघेही एकच. परंतु पहिला माणूस कदाचित रात्रपाळीने उसाला पाणी देणारा, किंवा साखरेचे दुखणे असलेला असेल. आणि दुसऱ्याने नवव्या प्रश्नावर, हलक्या आवाजात का होईना, ‘काही दिवस’ असे म्हटलेले आहे. म्हणून नवव्या प्रश्नाचे उत्तर बेरजेच्या स्वाधीन कधीही करू नये. तेथे शून्याखेरीज काहीही आले तर गणकाने कागद गुंडाळून पुढच्या घरी जावयाचे नाही. शांतपणे आणखी विचारावयाचे, माणसास एकटे सोडावयाचे नाही, त्याच्या संमतीने घरातील विश्वासाच्या व्यक्तीस सांगावयाचे आणि त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयातील वा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी गाठ घालून द्यावयाची. शासनाची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक गणकाच्या पाकिटात छापील चिठ्ठीवर असावा. ही सगळी तजवीज पाहणीच्या आदल्या दिवशी झालेली नसेल, तर पाहणी पुढे ढकलावी.

आता बेरजेऐवजी वापरावयाच्या प्रतिमानाकडे वळू. मराठवाड्यातील जुनी बारव डोळ्यांसमोर आणावी. पाण्याची खोली आपणांस मोजता येत नाही, पण किती पायऱ्या बुडाल्या आहेत ते काठावरून दिसते. काही पायऱ्या तळाशी आहेत आणि थोड्या पाण्यानेही बुडतात, काही इतक्या वर आहेत की मोठ्या पुरातच ओल्या होतात. थकवा ही खालची पायरी, मरणाचा विचार ही बहुधा वरची. फुमिको समेजिमा यांनी १९६९ साली मांडलेले ‘श्रेणीबद्ध प्रतिसादाचे प्रतिमान’ हेच करते: प्रत्येक प्रश्नाच्या प्रत्येक उत्तराची पायरी किती उंचीवर आहे आणि तो प्रश्न पाण्याची पातळी किती नेमकेपणाने सांगतो, हे उत्तरांवरूनच ठरविते. ‘कधीच नाही’ ते ‘काही दिवस’ हे अंतर आणि ‘अर्ध्याहून अधिक’ ते ‘रोज’ हे अंतर सारखेच, हे साध्या बेरजेतील मुकाट गृहीतक त्यामुळे मानावे लागत नाही. घटक विश्लेषण करावयाचे असेल तर त्याच कारणासाठी नेहमीच्या सहसंबंधाऐवजी क्रमवाचक उत्तरांसाठीचा, ‘पॉलिकोरिक’ म्हणतात तो सहसंबंध घ्यावा. ‘आर’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि तीत हे सगळे बसते. मात्र दोन-तीनशेंहून कमी कागद असतील तर या वाटेस जाऊ नये, प्रश्नवार गोशवाऱ्यावरच समाधान मानावे.

विद्यार्थी क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या ‘अल्फा’वर फार भरवसा ठेवतात. तो ०.८५ आला की प्रश्नावली विश्वसनीय ठरली, आणि विश्वसनीय म्हणजे ती एकच गोष्ट मोजते, असा दुहेरी निष्कर्ष प्रबंधांतून हटकून आढळतो. उत्तरार्ध चुकीचा आहे. प्रश्न एकमेकांशी निगडित असले आणि संख्येने पुरेसे असले की अल्फा वाढतो. त्यांच्या मुळाशी एक विहीर आहे की शेजारशेजारच्या दोन, हे तो सांगत नाही. ‘पीएचक्यू-९’च्या बाबतीत अनेक देशांतील अभ्यासकांना कधी एकच घटक सापडला, तर कधी दोन: झोप, थकवा, भूक अशा देहाच्या तक्रारींचा एक, आणि खिन्नता, अपराधीपणा, मरणविचार यांचा दुसरा. हे दोन घटक आपल्याकडे कितपत वेगळे निघावेत याविषयी मी साशंक असतो. वैजापूर तालुक्यातीलच शिऊरच्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत देहाची पीडा, नवऱ्याचा जाच आणि जिवाची तळमळ एकाच ओघात सांगितली. देह आणि मन यांची फाळणी त्यांनी केली नाही आणि त्यांच्या गावच्या बायकाही ती करीत नाहीत. माझे अनुमान गठ्ठ्याने खोटे ठरविले तर गठ्ठ्याचे ऐकावे.

स्त्री-पुरुषांची, किंवा बागायती आणि कोरडवाहू गावांची तुलना करण्यापूर्वी आणखी एक अडसर ओलांडावा लागतो. नांदूर-मधमेश्वर कालव्याचे पाणी मिळणाऱ्या गावात आणि न मिळणाऱ्या गावात ‘थकवा’ या शब्दाचा अर्थ एकच आहे का? वेचणीच्या दिवसांत, पहाटेपासून वाकून कापूस वेचणाऱ्या बाईस थकवा येतोच. त्यात नैराश्य शोधणे म्हणजे भिजलेल्या माणसाकडे पाहून पाऊस मोजणे. बाकीच्या प्रश्नांवरून ज्यांच्या मनाची पातळी सारखी दिसते, अशा बायका व पुरुष निवडून त्यांची थकव्याची उत्तरे ताडून पाहावीत. तेथे पद्धतशीर फरक निघाला तर तो प्रश्न दोन्ही गटांस सारखे माप लावीत नाही असे समजावे. मग त्या प्रश्नाच्या पायऱ्या दोन गटांसाठी वेगळ्या मानून प्रतिमान पुन्हा बसवावे. ‘स्त्रियांची सरासरी पुरुषांहून इतक्या गुणांनी अधिक’ हे वाक्य त्यानंतर लिहावे. त्याआधी लिहिले तर आपण कदाचित वेचणीचा हंगाम मोजलेला असेल.

सरासरीविषयी एवढेच की घरोघरच्या पाहणीत पुष्कळांची बेरीज शून्य ते दोनच्या आसपास साचते आणि थोड्यांची लांब शेपटी वर जाते. अशा ढिगाऱ्यावर साधे समाश्रयण चालविले की उत्तर मिळते, पण ते कोणाचेच वर्णन करीत नाही. क्रमवाचक प्रतिमान वापरावे, किंवा ‘काही त्रास आहे की नाही’ आणि ‘असल्यास किती’ हे दोन प्रश्न वेगळे सोडवावेत.

उंबरठ्याचे गणित मात्र सावकाश करण्याजोगे आहे. समजा, एका गावात १,००० प्रौढ माणसे आहेत आणि डॉक्टरांनी प्रत्येकास तपासले तर ५० जणांस नैराश्याचा विकार निघेल. समजा, आपली प्रश्नावली खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडते (ही तिची संवेदनशीलता) आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांस बरोबर सोडून देते (ही विशिष्टता). मग ५० पैकी ४० सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी ९५ उगाच अडकतील. यादी १३५ जणांची होईल आणि तीत जेमतेम तीस टक्के खरे रुग्ण असतील. हीच प्रश्नावली दवाखान्याच्या ओळीत उभ्या असलेल्या १,००० माणसांना लावली आणि त्यांत ३०० रुग्ण असले, तर २४० खरे आणि ७० उगाच, म्हणजे यादीतील सत्त्याहत्तर टक्के खरे निघतील. प्रश्नावली तीच, उंबरठा तोच, अर्थ निराळा. ‘आमच्या पाहणीत साडेतेरा टक्के लोक नैराश्यग्रस्त आढळले’ ही बातमी गावात खरे प्रमाण ५ टक्के असताना अशी जन्मास येते. रोगन व ग्लॅडन यांनी १९७८ साली दिलेले साधे सूत्र येथे कामास येते: आढळलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून १ वजा करावा, आणि त्यास संवेदनशीलता व विशिष्टता यांच्या बेरजेतून १ वजा करून आलेल्या संख्येने भागावे. ०.१३५ अधिक ०.९० वजा १ म्हणजे ०.०३५, त्यास ०.७० ने भागले की ०.०५. हिशेब जुळला.

पण ८० आणि ९० हे आकडे आणावयाचे कोठून? परदेशी निबंधातून उचलणे सोपे आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य सेवेकडे आलेल्या ५९८ रुग्णांवर पाच निरनिराळ्या प्रश्नावल्या लावून त्यांची उत्तरे सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहिली होती; २००८ साली प्रसिद्ध झालेले ते काम या बाबतीत आपणांस जवळचा कित्ता आहे. तेवढा आवाका नसेल तर निदान शंभरएक माणसांची, ज्यांत कमी आणि अधिक गुणांचे दोन्ही येतील, मानसोपचारतज्ज्ञाकडून प्रश्नावलीचे गुण न दाखविता मुलाखत करवून घ्यावी. पैसेवारीच्या भाषेत बोलायचे तर प्रश्नावली ही नजरअंदाज. अंतिम जाहीर करण्याचा अधिकार मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांचा.

नमुना गावागावांतून घेतलेला असेल तर ५०० कागद म्हणजे ५०० स्वतंत्र साक्षी नव्हेत. एका गावावर गारपीट होते, कांद्याचा भाव सगळ्यांचाच पडतो, आणि बहुधा गणकही एकच असतो. वीस गावांतून प्रत्येकी २५ माणसे घेतली आणि गावांतर्गत साम्याचा गुणांक ०.०५ इतका लहान असला, तरी १ अधिक २४ गुणिले ०.०५, म्हणजे २.२ ने भागून त्या पाचशेंचे वजन २२७ च्या आसपासच भरते. अनेकस्तरीय प्रतिमानात गाव आणि गणक हे दोन स्तर घालावेत.

उपक्रमाचा गुण आला की नाही हे पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. ज्यांचे गुण जास्त आले त्यांनाच निवडून समुपदेशन दिले आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारले, तर गुण उतरलेले दिसतील; समुपदेशन न देताही उतरले असते, कारण वाईट दिवशी सापडलेला माणूस पुढच्या खेपेस थोडाफार सावरलेला असतोच. तुलनेसाठी गट ठेवावा. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाच्या मूल्यमापनात केवळ निवडलेल्या रुग्णांच्या गुणांमागे न लागता, आधी आणि नंतर गावांतील लोकसंख्येचीच पाहणी करण्यात आली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. काय मोजावे याची निवडही त्यात शिकण्यासारखी आहे.

अहवाल लिहिताना टक्केवारीशेजारी तिची विश्वासमर्यादा द्यावी, नावांची वही आणि उत्तरांची वही वेगळ्या कुलपात ठेवावी, आणि गावांची क्रमवारी लावू नये. पंचवीस माणसांत तीन सापडली म्हणजे १२ टक्के खरे; पण त्याची मर्यादा सुमारे ३ पासून ३१ पर्यंत पसरते आणि शेजारच्या प्रत्येक गावाची मर्यादा तीत येऊन बसते. एका ग्रामसभेत गोशवारा वाचून झाल्यावर सरपंचांनी मला विचारले, ‘आमच्या गावाचा नंबर कितवा आला?’ नंबर काढता येत नाही, असे मी सांगितले व कारणही विस्ताराने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मागे वळून ग्रामसेवकास म्हणाले, ‘पैसेवारीच्या वेळी यांना बोलवा.’